सुर्खी म्हणजे मथळा नव्हे

दिवाळीच्या दिवसांत घरात मोठ्याने बोलू नये, असे आमची आजी सांगायची. वर्षाचा सण, चार माणसे लांबून आलेली. अशा वेळी कुणी तक्रारीचा सूर काढला की तिला खपत नसे. तिची आठवण ठेवूनच मी हा लेख लिहायला बसलो आहे. पण वाचकहो, आवाज थोडा चढणार आहे. तेव्हा चकलीचा एक तुकडा आधी तोंडात टाका आणि मग पुढे वाचा.

माझी तक्रार भाषांतरासंबंधी आहे. कथा-कादंबऱ्यांच्या भाषांतरासंबंधी नव्हे. तिथे भांडणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगले भांडतात. मी बोलतो आहे तो मजकूर भिंतींचा आहे. घर, किल्ला, देऊळ, मशीद, बारव ही कुणी बांधली, कशाने बांधली, केव्हा दुरुस्त केली हे सांगणारा मजकूर आमच्या मराठवाड्यात दगडावर आणि कागदावर ठिकठिकाणी पडून आहे. तो कानडीत आहे, संस्कृतात आहे, फारसीत आहे, उर्दूत आहे. मराठीत मात्र तो फारच थोडा आला. का आला नाही म्हणून विचारावे, तर एकच उत्तर कानावर येते : "भाषांतरकार मिळत नाहीत हो!" हे उत्तर खोटे आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

हे सांगणारा मी कोण? मी नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चार कादंबऱ्या नावावर आहेत; त्यांतल्या दोन वाचनालयांनी घेतल्या, उरलेल्या दोन माझ्या पलंगाखाली सुखरूप आहेत. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. जुना शब्द मुद्दाम वापरतो, 'दहावी' म्हटले की लोक "मग पुढे काय?" असे विचारतात, 'मॅट्रिक' म्हटले की गप्प बसतात. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि हातात खडू आला. तात्पर्य, मी पंडित नाही, इंजिनिअर नाही, भाषातज्ज्ञ तर मुळीच नाही. एका वहीने मला या भानगडीत ओढले.

माझी सासुरवाडी उदगीरची. तिथे एक जुना वाडा आहे. वाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढे दिंडी-दरवाजा आणि झुंबरे आणू नका; चार खणांची ओसरी, वर माळवद आणि चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, एवढाच त्याचा थाट. माझ्या पत्नीचे पणजोबा निजामाच्या राज्यात बांधकामावर देखरेख करीत. त्यांच्या हातची एक वही देवघराच्या फडताळात सापडली. सगळी उर्दूत. अक्षर घाईचे, नुक्ते कुठे आहेत, कुठे नाहीत. मधूनमधून कमानींच्या आकृत्या आणि आकडे. तेवढ्यातच वाड्याची मागची भिंत फुगली. काही वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. आतली ओल बाहेर यायची वाट त्याने बंद झाली आणि भिंतीच्या पोटात पाणी साठले. ठेकेदार म्हणाला, "पाडून टाका, नवीन बांधू." सासरे म्हणाले, "आजोबांनी या भिंतीचं काही तरी लिहून ठेवलेलं असणार. आधी ते वाचा." घरात लिहिणारा जावई एकच. वही माझ्या हातात आली.

मग माझी शोधयात्रा सुरू झाली. एका महाविद्यालयात भाषेच्या विभागाने सांगितले, "हा विषय बांधकामाचा आहे." बांधकाम शिकवणारे म्हणाले, "हा विषय भाषेचा आहे." एका विद्वानांनी सल्ला दिला की आधी याचे इंग्रजी करून घ्या, मग मराठी आपोआप होईल. उदगीरच्या वहीने उदगीरलाच परत यायचे, पण विलायतेवरून, हा मार्ग मला फार लांबचा वाटला. शेवटी एका मोठ्या शहरात, जमिनीचे जुने उर्दू कागद वाचून देणाऱ्या एका ठिकाणी, पानामागे पैसे मोजून मी पहिली पाने भाषांतराला दिली. आठवड्याने पाकीट आले.

पहिल्याच पानावर लिहिले होते की, ही वही सन १३४५ मधील, म्हणजे सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची आहे! बहामनी राज्यही तेव्हा स्थापन व्हायचे होते आणि माझ्या पत्नीचे पणजोबा उदगिरात भिंती मोजत होते. ते साल फसली आहे. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १९३५च्या आसपासचे इसवी साल येते. निजामी कागद हाताळणाऱ्या जुन्या कारकुनाला हे झोपेत विचारले असते तरी त्याने सांगितले असते. पुढे तर मौजच होती. "एक भाग चुन्यात दोन भाग मथळे मिसळावेत." "तीन रद्द निवडून झाल्यावर पाणी द्यावे." "दरवाजावर बूच पक्के बसवावे."

सगळे घर हसले. मुलांनी तर वर्तमानपत्राचे मथळे कातरून चुन्याच्या डबीत घातले. मीही हसलो, पण पाने खाली ठेवली तेव्हा लक्षात आले की भाषांतर करणाऱ्याची उर्दू कच्ची नव्हती. सुर्खी म्हणजे मथळा, हे बरोबरच आहे. उर्दू वर्तमानपत्राचा मथळा म्हणजे सुर्खीच. चुनना म्हणजे निवडणे, हेही बरोबर. डाट म्हणजे बाटलीचे बूच, हेही कोशात आहे. त्या बापड्याला सगळे शब्द येत होते. तो भिंतीपाशी कधी उभा राहिला नव्हता, एवढेच.

नांदेडला आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणतात. वीस वर्षे मी त्यांना सलाम करीत आलो होतो. त्यांना काही विचारावे असे मात्र एकदाही मनात आले नव्हते. एका रविवारी त्यांना घेऊन मी एस.टी.ने उदगीरला गेलो. तिकडे सासऱ्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून ठेवले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, सही अंगठ्याची, आणि हाताची बोटे चुन्याने खाऊन टाकलेली. दोघांना ओसरीवर बसवले, मध्ये वही ठेवली. मास्टरसाब वाचू लागले आणि 'सुर्खी'पाशी थबकले.

"सुर्खी म्हंजे इटंची भुकटी की, गुर्जी," गवंडीकाका म्हणाले. "भाजकी इट कुटायची, चाळायची आन् चुन्यात घालायची. आमचा बाप रातच्याला कुटीत बसायचा."

मास्टरसाबांनी चष्मा काढला आणि खो खो हसले. "सत्तर साल से अखबार में सुर्खी पढ रहा मैं," ते म्हणाले, "दीवार में आज देखा!"

मग गाडी चालू लागली. 'रद्दा' म्हणजे भिंतीचा थर. 'चुनना' म्हणजे थरावर थर रचणे. 'डाट' म्हणजे कमान. तीन थर रचून झाले की पाणी मारायचे, हे ते "तीन रद्द" प्रकरण. काही ठिकाणी गवंडीकाकाही अडले. 'हलेला' त्यांना ठाऊक नव्हता. मास्टरसाब म्हणाले, "हकीम के नुस्खे में आता है, हिरडा." लगेच काकांनी मांडीवर थाप मारली, "व्हय व्हय! हिरड्याचं आन् गुळाचं पानी. त्यानं चुना चिवट हुतो." एकाला शब्द वाचता येत होता, दुसऱ्याला त्याची वस्तू ठाऊक होती. दोघे निराळे असते तर वही आणखी नव्वद वर्षे मुकी राहिली असती. दिवेलागणीपर्यंत अकरा पाने झाली.

त्या रात्री मी पाने स्वच्छ लिहून काढली आणि वर झोकात लिहिले : भाषांतर, मास्टरसाब, शब्दांकन, मी. पत्नीने ते वाचले आणि विचारले, "आणि काकांनी काय नुसता चहा घेतला?" वाचकहो, मास्टरसाबांना मी पाकिटात घालून मानधन दिले होते आणि काकांच्या हातावर त्या दिवसाची मजुरी ठेवली होती. दोघांनी एकच काम केले. एकाचे झाले मानधन, दुसऱ्याची झाली मजुरी. म्हणजे ज्या दोषावर मी आज लेख लिहितो आहे, तो माझ्याच खिशातून निघाला. म्हणून या लेखात मी कुणाला 'तुम्ही' म्हटले, तर त्यात मला धरूनच म्हटले असे समजावे.

आता घरातली वही मिटतो आणि उंबरठ्याबाहेर येतो.

आमच्या नांदेड जिल्ह्यात, देगलूर तालुक्यात होट्टल नावाचे गाव आहे. तिथली देवळे पाहायला दुरून लोक येतात. कुणालाही विचारा, "कुणी बांधली?" उत्तर ठरलेले : हेमाडपंतांनी! हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. होट्टलची देवळे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, अकराव्या-बाराव्या शतकातली. हेमाडपंतांचे पणजोबाही जन्मले नसतील, तेव्हा ही देवळे उभी होती. हा गैरसमज लोक अडाणी आहेत म्हणून झालेला नाही. त्या काळचे आमच्या जिल्ह्यातले पुष्कळसे शिलालेख कानडीत आहेत. दगड कानडी बोलतो, गाव मराठी बोलते आणि दोघांमध्ये कुणी बसत नाही. मग गावाला जे एकच नाव ठाऊक असते, ते प्रत्येक देवळावर चिकटवले जाते. कानडी राजांचे, दात्यांचे, कारागिरांचे श्रेय आपण एका मंत्र्याच्या पदरात घातले आणि वर अभिमानाने मिरवले.

कंधारचा किल्ला घ्या. तिथे राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, दहाव्या शतकातला संस्कृत शिलालेख मिळाला. त्याच किल्ल्यात पुढच्या सुलतानी अमदानीतले फारसी लेख आहेत. म्हणजे एकाच तटाच्या आत दोन भाषा आणि कित्येक राजवटी. सहलीला मुले घेऊन गेलो की मी विचारतो, "इथे काय लिहिले असेल?" मुले म्हणतात, "सर, गुप्तधनाचा पत्ता!" आणि खरोखरच गुप्तधनासाठी रात्री खणणारे महाभाग आमच्याकडे आहेत. लेख वाचता आला नाही की माणसाची कल्पना सोन्याकडे धावते. तो वाचून मराठीत समोर लावला, तर निदान कुदळी तरी घरी राहतील.

"पण वाचणार कोण?" पुन्हा तोच प्रश्न. तर ऐका. १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले. संपादक दोघे : एक धारवाडचे डॉ. श्रीनिवास रित्ती आणि दुसरे नांदेडचे प्रा. शेळके. कानडीचा जाणता आणि इथल्या मातीचा जाणता एकत्र बसले आणि काम झाले. पुढे १९८८ साली सोलापूर जिल्ह्याचे असेच पुस्तक निघाले. त्यावर रित्तींच्या शेजारी आनंद कुंभार यांचे नाव आहे. कुंभार विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. गावोगाव पायपीट करून दगड शोधणारे, हौसेने आणि कष्टाने शिकलेले गृहस्थ होते. आमच्या ओसरीवर जे घडले, त्याचीच ही मोठी आणि विद्वानांची आवृत्ती म्हणायची. मात्र ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. विद्वानांना ते सोयीचे. त्यांना दोष नाही. पण होट्टलच्या दगडाचा शब्द कानडीतून इंग्रजीत गेला आणि तिथेच थांबला. शेवटचा मुक्काम मराठीचा होता. तेवढे चालायला पन्नासावर वर्षांत आमच्यापैकी कुणाचे पाय धजले नाहीत, हे मला फार लागते.

आता आक्षेप घेतो. पहिला आक्षेप कुजबुजीत येतो : "उर्दू-फारसी म्हणजे निजामाची भाषा. तिचे कौतुक कशाला?" मराठवाड्याने निजामी राज्य आणि रझाकार भोगले आहेत. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस आमच्या घरी सणासारखाच असतो. ज्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी प्रजा मोठी, त्या राज्यात कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत चालले, हा अन्याय होता. पण अन्याय राज्यकर्त्यांनी केला. वहीने केला नाही. माझ्या पत्नीच्या पणजोबांनी घरी मराठी बोलून, कामावर उर्दू लिहून पोट भरले. त्यांचा चुना निजामी नव्हता. आणि ज्यांना उर्दूचा विटाळ आहे त्यांनी घरात राहूच नये. कारण दरवाजा, कमान, बुरूज, इमारत, मजला, हौद हे सगळे शब्द फारसी-अरबीतूनच आपल्याकडे आले. मौलवी अब्दुल हक, ज्यांना लोक 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात, ते औरंगाबादेत राहत आणि मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांना आमची भाषा तपासावीशी वाटली. आम्हाला त्यांची लिपी ओळखावीशी वाटू नये?

कानडीचेही तेच. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली, तालुके इकडे आले, बीदर तिकडे गेले. सीमेचा वाद अजून धुमसतो आहे आणि त्यात मराठी माणसाची बाजू मलाही आपलीच वाटते. पण नकाशावरची रेघ सरकली म्हणून देवळाची भिंत सरकत नाही. अण्णा, अक्का म्हणणारे आणि अडकित्त्याने सुपारी फोडणारे आपण; हे शब्दच कानडीचे. भांडण आपल्या जागी राहू द्या, वाचन सुरू करू या. शेजाऱ्याशी बांधाचा दावा चालू असला तरी त्याच्या घरातली लग्नपत्रिका आपण वाचतोच की!

दुसरा आक्षेप शहाण्यांचा : "अनेक भाषा जाणणारा माणूस शतकात एखादाच जन्मतो." सेतुमाधवराव पगडी आमच्या निलंग्याचे. १९१० साली जन्मले. फारसी, उर्दू, कानडी, तेलुगू त्यांना येत. सरकारी नोकरीत आदिलाबादकडे असताना गोंडीही शिकले. मोगल दरबाराची बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. अशी माणसे थोर, त्यांना माझे दंडवत. पण पगडी पुन्हा जन्मतील म्हणून वाट पाहणे, हा काम न करण्याचा मोठा सभ्य मार्ग आहे. एका डोक्यात पाच भाषा मावत नसतील, तर पाच डोकी एका ओसरीवर मावतात.

आणि हे निजामाच्या हैदराबादने करून दाखवले होते. १९१७ साली तिथे दार-उत-तर्जुमा, म्हणजे भाषांतराचे घर, स्थापन झाले. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे गणित, विज्ञान, वैद्यक, कायदा उर्दूत शिकवायचे ठरले. पुस्तके नव्हती, शब्द नव्हते. मग एका बाजूला भाषेचे पंडित आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या विषयाचे जाणकार बसले. एकेका शब्दावर खल करून त्यांनी परिभाषा बनवली आणि शेकडो ग्रंथ तयार केले. त्या राज्याने आमच्या मराठीला दाराबाहेर उभे केले, याचा राग माझ्या मनात आहे. तरीही त्याने आत जे केले ते शिकण्यासारखे होते. भाषांतरकार तिथे झाडाला लागले नव्हते. घर दिले, पगार दिला, शेजारी जाणकार बसवला, तेव्हा ते तयार झाले.

तिसरा आक्षेप माझ्या नववीतल्या एका विद्यार्थ्याचा. तो म्हणाला, "सर, मोबाइलने फोटो काढा, मशीन भाषांतर करते." मी वहीचे पान त्याच्यापुढे धरले. यंत्राने बरेच प्रयत्न करून जे मराठी ओकले त्यात 'मथळे' होतेच! यंत्राला मी नावे ठेवत नाही. उद्या ते सुधारेल. पण यंत्र जे वाचते ते कुणी तरी आधी लिहिलेले असते. गवंडीकाकांच्या तोंडचे शब्द कुठल्या पुस्तकात आहेत? महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, स्थापत्याचे परिभाषा कोशही झाले. ते कोश कचेरीला उपयोगी पडले. मला वाटते, ते करताना पराती आणि थापीपाशी थोडे अधिक बसायला हवे होते.

चौथा आक्षेप सगळ्यांत जुना : "पैसा कुठे आहे?" याला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचे ठरले. निजामकालीन दप्तरे उघडली आणि एकदम उर्दू, फारसी, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तेव्हा ते मिळाले की नाही? मिळाले. कारण गरज वाटली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की, जातीची नोंद वाचायला माणूस सापडतो आणि घराची नोंद वाचायला सापडत नाही, यात टंचाई माणसांची नसून इच्छेची आहे.

"पण घराच्या नोंदीने असे काय अडते?" असे कुणी फराळाच्या ताटावरून विचारील. त्याला मी लातूरकडे नेतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे किल्लारीची धरणी हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. नांदेडला भांडी खणखणली आणि आई आम्हाला घेऊन रस्त्यावर आली, एवढे आठवते. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. ती मेली घरांखाली. दगडांच्या दोन पाठी मातीत रचलेल्या, मध्ये चिपा आणि माती भरलेली, आणि वर माळवदाचे टनावारी ओझे. भिंतीच्या आरपार जाणारा दगड ठरावीक अंतरावर घातला, तर दोन्ही पाठी एकमेकींना धरून राहतात. तो नसला की धक्क्यासरशी त्या फाकतात आणि माळवद खाली येते. हे ज्ञान जगात होते. कच्च्या दगडी बांधकामाला भूकंपात कसे टिकवावे, यावर भारतीय मानक संस्थेची पुस्तिका त्याच १९९३ सालची आहे. ती इंग्रजीत होती, आणि भिंत रचणारा गवंडी मराठी बोलत होता. पुढे पुनर्वसनाच्या कामात गवंड्यांना शिकवले गेले, चित्रे काढून, हाताने करून दाखवले गेले. आरपार दगडाचे महत्त्व बऱ्याच जणांना तेव्हा समजले. तेव्हा, म्हणजे माती सावडून झाल्यावर.

एक पुस्तिका आधी मराठीत असती तर सगळे वाचले असते, असा खुळा दावा मी करीत नाही. गरिबी होती, लाकूड महाग होते, घरे पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पण बांधकामाच्या मजकुराचे भाषांतर ही विद्वानांची करमणूक नाही, एवढे तरी किल्लारीनंतर आपल्याला कळायला हवे होते. ज्ञान वरून खाली इंग्रजीतून मराठीत यावे लागते आणि मागून पुढे उर्दू-कानडीतून मराठीत यावे लागते. दोन्ही वाटांवर एकच दरवाजा आहे आणि तिथे पहारेकरी म्हणून आपण 'मिळत नाहीत' ही पाटी उभी केली आहे.

मग करायचे काय? मी मास्तर माणूस. गृहपाठ दिल्याशिवाय तास संपवत नाही. तालुक्याच्या गावी तीन माणसे शोधा : एक वाचणारा, एक बांधणारा, एक लिहिणारा. वाचणारा देगलूरच्या बाजारात कानडी बोलताना सापडेल, उर्दू शाळेच्या फाटकाशी सापडेल. बांधणारा पारावर बसलेला असेल. त्याला आता कुणी कामावर बोलावत नाही. लिहिणारा, म्हणजे माझ्यासारखा, गरज नसताना सगळीकडे असतोच. तिघांना एका ओसरीवर बसवा. तिघांना सारखे पैसे द्या आणि कागदावर तिघांची नावे घाला. घाईही करा, १९४८ साली उर्दू शाळेत जाणारा दहा वर्षांचा मराठी मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे. त्याचे डोळे गेले की घरातले कागद रद्दीत जातात, आणि या वेळी 'रद्द' शब्दाचे भाषांतर अगदी बरोबर ठरते.

वाड्याच्या भिंतीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. भिंतीचा एक खण वाचला नाही. आम्ही वाचायला उशीर केला होता. उरलेल्यावरचे सिमेंट खरवडले, वहीतल्या मापाने चुना भिजवला, सुर्खी चाळली. गवंडीकाका खुर्चीवर बसून नातवावर ओरडत होते आणि मास्टरसाब वही उघडून पुढची ओळ वाचत होते. भिंत या पावसाळ्यात उभी राहिली. स्वच्छ प्रतीवर आता दोघांची नावे आहेत. माझे मी खाली, बारीक अक्षरात घातले आहे. पत्नीने ते तपासले.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत मुलांकडून मातीचे किल्ले करून घेतले. पुण्याकडची ही पद्धत आता आमच्याकडेही रुजते आहे. दरवर्षी मी सर्वांत सुबक किल्ल्याला बक्षीस देतो. यंदा अट घातली : किल्ल्याच्या प्रत्येक भागाला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले नाव चिठ्ठीवर लिहून टोचायचे, भाषा कोणतीही चालेल. एका मुलीने कमानीवर तीन चिठ्ठ्या टोचल्या होत्या. एक आजीची, एक शेजारच्या आपाची, आणि तिसरीवर 'डाट'.

"हे कुणी सांगितले?" मी विचारले.

"गल्लीच्या टोकाच्या मास्टरसाबांनी," ती म्हणाली. "पण सर, ते म्हणाले की त्यांनाही ते उदगीरच्या एका गवंडीकाकांनी शिकवलं."

बक्षीस तिलाच दिले. तुमच्या घरी या चार दिवसांत कुणी म्हातारे माणूस फराळाला येणार असेल, तर त्याच्यापुढे लाडू ठेवा आणि आपल्या घराच्या भिंतीला हात लावून एक शब्द विचारा.